‘मोअर हॅपिअर’ पुन्हा पुन्हा का येतं, आणि ते मुळातून कसं काढायचं

नियम पाठ असतो. गाळलेली जागा भरा म्हटलं की ‘हॅपिअर’ बरोबर लिहिलं जातं. पण मुलाखतीत, ई-मेलमध्ये किंवा मीटिंगमध्ये वाक्य स्वतः जुळवायची वेळ आली की ‘आय ॲम मोअर हॅपिअर इन धिस टीम’ बाहेर पडतं. कुणी टोकलं की चार दिवस बरं चालतं, मग पुन्हा तेच. या चुकीच्या मागोमाग ‘शी इज हॅपी दॅन मी’, ‘व्हेरी हॅपिअर’, ‘लेस हॅपिअर’ आणि ‘ॲज हॅपिअर ॲज’ याही येतात. दिसायला या वेगवेगळ्या चुका आहेत, पण मूळ एकच आहे. म्हणून एकेक चूक पाठांतराने दुरुस्त करायला गेलं की ती टिकत नाही.

मूळ कुठे आहे

मराठीत तुलनेसाठी विशेषण बदलावं लागत नाही. ‘ती भावापेक्षा आनंदी आहे’ या वाक्यात ‘आनंदी’ जसंच्या तसं राहिलं, तुलनेचं सगळं काम ‘भावा’ला लागलेल्या ‘पेक्षा’ने केलं. थोड्या जुन्या वळणात तेच काम ‘हून’ करतो: ‘भावाहून आनंदी’. ‘जास्त’ किंवा ‘अधिक’ घातलं तर जोर येतो, न घातलं तरी वाक्य पुरं आहे.

इंग्रजीत ‘दॅन’ एवढंच सांगतो की तुलना कुणाशी चालली आहे. तुलना झाली आहे, एक पारडं वर गेलं आहे, हे विशेषणालाच दाखवावं लागतं. ते दाखवण्याचे मार्ग दोन: शेवटी ‘अर’ जोडा, नाहीतर आधी ‘मोअर’ लावा. दोन्हींचं काम तेच, म्हणून एका वेळी एकच.

आता चुका कशा जन्मतात ते पाहा. ज्याच्या मनात नुसतं ‘पेक्षा’ आहे तो ‘पेक्षा’च्या जागी ‘दॅन’ ठेवतो आणि विशेषणाला हात लावत नाही, म्हणून ‘हॅपी दॅन मी’. ज्याच्या मनात ‘पेक्षा जास्त’ आहे तो ‘जास्त’साठी ‘मोअर’ घेतो, आणि शाळेत ‘हॅपी, हॅपिअर, हॅपिएस्ट’ घोकलेलं असल्यामुळे ‘दॅन’जवळ आलं की ‘हॅपिअर’ही आपोआप येतं. घोकताना ‘हॅपिअर’ हा अख्खा, स्वतंत्र शब्द म्हणून डोक्यात गेला. त्यातल्या ‘अर’चा अर्थच ‘जास्त’ आहे, हे कुणी सांगितलं नाही. खरी दुरुस्ती इथे करायची आहे.

‘अर’ हा परका नाही

हे पटायला ‘अर’चं मूळ पाहणं फार उपयोगी पडतं. जुन्या इंग्रजीत हा प्रत्यय ‘रा’ असा होता. त्याच्याही मागे गेलं तर इंग्रजीच्याच कुळातल्या, पण तिच्याहून जुन्या नोंदी असलेल्या गॉथिक भाषेत तिथे ‘र’ऐवजी ‘ज़’ सापडतो: ‘बेटर’ला गॉथिकमध्ये ‘बतिज़ा’. म्हणजे मूळचा ‘स’ आधी ‘ज़’ झाला आणि पुढे ‘र’. हाच ‘स’ संस्कृतात टिकून राहिला. ‘श्रेयस्’, ‘लघीयस्’, ‘गरीयस्’ यांतला ‘यस्’ किंवा ‘ईयस्’ आणि इंग्रजीतला ‘अर’ हे एकाच मूळ भारोपीय प्रत्ययाचे, म्हणजे संस्कृत आणि इंग्रजी या दोघींच्या समान पूर्वज भाषेतल्या प्रत्ययाचे, वंशज आहेत. ‘जननी जन्मभूमिश्च स्वर्गादपि गरीयसी’ मधल्या ‘गरीयसी’चा अर्थ ‘अधिक थोर’. तिथे ‘अधिक’ वेगळं लिहिलेलं नाही, ते प्रत्ययातच आहे. ‘हॅपिअर’मध्येही तसंच.

पुढची पायरी तर रोजच्या मराठीत आहे. ‘ज्येष्ठ’, ‘कनिष्ठ’, ‘वरिष्ठ’, ‘श्रेष्ठ’, ‘बलिष्ठ’ यांतला ‘इष्ठ’ आणि ‘हॅपिएस्ट’मधला ‘एस्ट’ हेही सख्खे. ‘ज्येष्ठ’ म्हणजे मुळात सर्वांत मोठा, ‘कनिष्ठ’ म्हणजे सर्वांत धाकटा.

पुष्कळ जण ‘अर’चं नातं ‘उच्चतर’, ‘गुरुतर’ यांतल्या ‘तर’शी जोडतात. उच्चार जवळचा वाटतो, पण नातं ते नाही. ‘तर’ हा वेगळा प्रत्यय. तो फारसीतही आहे आणि तिथून आलेला ‘बदतर’ आपण सहज वापरतो. बातमीत ‘परिस्थिती अधिक बदतर झाली’ असं वाक्य आलं तर थांबून बघा: ‘बद’ म्हणजे वाईट, ‘तर’ म्हणजे अधिक, आणि वर पुन्हा ‘अधिक’. ‘मोअर हॅपिअर’ची घडण हीच.

आणखी एक गफलत टाळा. ‘टीचर’, ‘सिंगर’, ‘ड्रायव्हर’ यांच्या शेवटचा ‘अर’ वेगळ्या कुळातला आहे, तो काम करणारा दाखवतो. तुलनेशी त्याचा संबंध नाही. मुलांना शिकवताना दोन्ही ‘अर’ एका तक्त्यात घालू नयेत.

दुरुस्ती

लिहिलेलं वाक्य तपासताना ‘अर’च्या जागी मनात ‘जास्त’ वाचा. ‘मोअर हॅपिअर’ म्हणजे ‘जास्त जास्त आनंदी’. ‘लेस हॅपिअर’ म्हणजे ‘कमी जास्त आनंदी’. ‘ॲज हॅपिअर ॲज’ म्हणजे ‘तिच्याइतका जास्त आनंदी’. वाक्य मराठीत अडखळलं की इंग्रजीतही ते चुकलेलंच आहे. यावरून दुरुस्त्या आपसूक निघतात: ‘हॅपिअर’, ‘लेस हॅपी’, ‘ॲज हॅपी ॲज’. ‘लेस’ आणि ‘ॲज’ यांच्यासोबत विशेषण नेहमी मूळ रूपात.

‘व्हेरी हॅपिअर’ला वेगळं औषध लागतं. ‘खूप जास्त आनंदी’ हे मराठीत चालतं, म्हणून वरच्या चाचणीत ही चूक सापडत नाही. इंग्रजीत ‘व्हेरी’ मूळ रूपाला लागतो, तुलनात्मक रूपाला नाही: ‘व्हेरी हॅपी’. दोघांतलं अंतर मोठं आहे असं सांगायचं असेल तर ‘मच हॅपिअर’, ‘अ लॉट हॅपिअर’ किंवा ‘फार हॅपिअर’. हा शेवटचा इंग्रजी ‘फार’ आणि आपला ‘फार’ यांचं मूळ वेगळं, पण इथे उच्चार आणि अर्थ योगायोगाने जुळतात, त्यामुळे लक्षात ठेवायला तोच सर्वांत सोपा. अंतर थोडं असेल तर ‘अ लिटल हॅपिअर’ किंवा ‘अ बिट हॅपिअर’. ‘आता तर आणखीच’ या अर्थी ‘ईव्हन हॅपिअर’. यांपैकी कशातही मध्ये ‘मोअर’ घालायचा नाही. ‘मच मोअर हॅपिअर’ आणि ‘ईव्हन मोअर हॅपिअर’ या दोन जागी शिकलेली माणसंही घसरतात, कारण जोर द्यायचा म्हटलं की शब्द वाढवावासा वाटतो.

‘हॅपिअर फ्रॉम मी’ आणि ‘हॅपिअर ॲज कम्पेअर्ड टू मी’ हीही ‘पेक्षा’चीच रूपं. ‘अर’ आला की कुणापेक्षा हे सांगायला ‘दॅन’, दुसरं काही नाही. ‘सीनिअर’, ‘ज्युनिअर’, ‘सुपीरिअर’ यांच्यापुढे ‘टू’ येतो, कारण ते लॅटिनमधून आयते आलेले तुलनात्मक शब्द आहेत आणि त्यांचा ‘इअर’ लॅटिन ‘इओर’चा आहे. त्यांचा ‘टू’ ‘हॅपिअर’ला लावू नका. लिहिताना ‘दॅन’मध्ये ए आणि ‘देन’मध्ये ई. ‘देन’ म्हणजे ‘मग’. दोन्ही शब्द बरोबर असल्यामुळे साधा स्पेलचेकर हे बहुधा सोडून देतो.

हे जिभेवर बसायला एक सराव पुरतो. ‘हॅपिअर’ एकटा म्हणू नका, ‘हॅपिअर दॅन’ हा जोड एका दमात म्हणा. मग ‘ईझी, बिझी, हेवी, लकी, नॉइझी, डर्टी, हेल्दी, अँग्री’ ही वायने संपणारी विशेषणं घेऊन समोर दिसणाऱ्या गोष्टींवर पूर्ण वाक्यं करा: धिस बॅग इज हेविअर दॅन दॅट वन, द किचन इज नॉइझिअर दॅन द हॉल. तक्ता म्हणू नका. तक्त्यात ‘दॅन’ नसतो आणि चूक नेमकी ‘दॅन’च्या शेजारी होते.

फाईलमध्ये साठलेल्या चुका शोधायच्या असतील तर शोधपेटीत ‘मोअर’ आणि एक स्पेस टाकून प्रत्येक जागी पुढच्या शब्दाचा शेवट पाहा. शेवटी ई-आर दिसला म्हणून डोळे मिटून ‘मोअर’ खोडू नका. ‘क्लेव्हर’, ‘ईगर’, ‘बिटर’, ‘प्रॉपर’ यांचा ‘अर’ मुळातलाच आहे, त्यामुळे ‘मोअर ईगर’ बरोबर आहे. तसंच ‘द मोअर शी रीड्स, द हॅपिअर शी इज’ या वाक्यात ‘मोअर’ आणि ‘हॅपिअर’ दोन्ही हवेत, कारण ते दोन वेगळ्या उपवाक्यांत आपापलं काम करतात.

स्पेलिंग

बरोबर स्पेलिंग: एच-ए-पी-पी-आय-ई-आर. चुका दोन ठिकाणी होतात. एकतर वाय तसाच राहतो, नाहीतर एक पी गळतो.

वायचा आय का होतो? जुन्या इंग्रजी लेखनात आय आणि वाय एकमेकांच्या जागी सर्रास येत. छपाई रुळली तसा पायंडा पडला की शब्दाच्या शेवटी वाय, आत आय. प्रत्यय लागला की वाय शेवटी उरत नाही, म्हणून तो बदलतो: हॅपिनेस, हॅपिली, हॅपिएस्ट, सगळीकडे आय. मुख्य अट ही की वायच्या आधी व्यंजन हवं. ‘ग्रे’मध्ये वायच्या आधी स्वर आहे, म्हणून ‘ग्रेअर’मध्ये वाय कायम. ‘ड्राय’चं तुलनात्मक रूप आयने, आणि कपडे वाळवण्याचं यंत्र बहुतेक वेळा वायने लिहिलं जातं.

दोन पी लिहायचे, पण म्हणायचा एकच. मराठीत जोडाक्षर दिसलं की आपण आघात देतो, म्हणून ‘हॅप्पी’. इंग्रजीत दुहेरी व्यंजन बहुधा आधीचा स्वर आखूड आहे एवढंच सांगतं. ‘पेपर’मध्ये पी एकटा म्हणून ए लांब, ‘हॅपी’मध्ये पी दोन म्हणून ए आखूड. उच्चार तीन तुकड्यांत: हॅ-पि-अर. घाईत ‘हॅप्यर’ असे दोनच तुकडे केले तर समोरच्याला ‘हॅपी’ ऐकू येतं आणि तुलना हरवते.

फोनचा कीबोर्ड चुकीचं स्पेलिंग पुन्हा पुन्हा सुचवत असेल तर ते त्याने तुमच्याकडूनच शिकून ठेवलेलं असतं. गूगलच्या जीबोर्डवर ती सूचना दाबून धरा आणि वर येणाऱ्या कचरापेटीवर ओढून सोडा. वर्डमध्ये ऑटोकरेक्टच्या यादीत डावीकडे तुमचं नेहमीचं चुकीचं रूप आणि उजवीकडे बरोबर रूप एकदा घालून ठेवा.

परीक्षेतलं ‘चेंज द डिग्री’

शाळेत ‘हॅपिअर’ सर्वांत जास्त इथेच, एकच वाक्य मूळ, तुलनात्मक किंवा ‘सर्वांत’ या रूपात बदलून लिहिण्याच्या प्रश्नात, भेटतो आणि गुण बहुतेक वेळा एका छोट्या शब्दावर जातात. ‘रमेश इज द हॅपिएस्ट बॉय इन द क्लास’ याचं तुलनात्मक रूप ‘रमेश इज हॅपिअर दॅन एनी अदर बॉय इन द क्लास’. ‘अदर’ गळला की रमेश स्वतःपेक्षाही आनंदी ठरतो, कारण तोही त्याच वर्गात आहे. वर्गाबाहेरच्या कुणाशी तुलना असेल तर मात्र ‘अदर’ नको. मूळ रूप: ‘नो अदर बॉय इन द क्लास इज ॲज हॅपी ॲज रमेश’.

वाक्य ‘वन ऑफ द हॅपिएस्ट बॉइज’ असं असेल तर तो एकटाच पहिला नाही. तिथे ‘हॅपिअर दॅन मोस्ट अदर बॉइज’ आणि ‘व्हेरी फ्यू बॉइज आर ॲज हॅपी ॲज’. पहिल्या जोडीत ‘बॉय’ एकवचनी, दुसरीत अनेकवचनी, हे शेवटी एकदा तपासावं. तुलना दोघांतच असेल तर ‘द हॅपिअर ऑफ द टू’, ‘द’सकट.

मग ‘मोअर हॅपी’ कधीच नाही का?

आहे, पण जागा ठरलेली. एकाच माणसातल्या दोन भावना तोलायच्या असतील तर ‘मोअर’च लागतो: ‘शी वॉज मोअर हॅपी दॅन सरप्राइझ्ड’, म्हणजे आश्चर्यापेक्षा आनंद अधिक. इथे ‘हॅपिअर’ बसत नाही. ‘आय ॲम मोअर दॅन हॅपी टू हेल्प’ ही तुलनाच नाही. ‘मदत करायला मनापासून तयार आहे’ एवढाच तिचा अर्थ. क्रियाविशेषणाला ‘मोअर हॅपिली’: ‘दे वर्क मोअर हॅपिली नाउ’. तिथे ‘दे वर्क हॅपिअर’ औपचारिक लेखनात टाळावं.

शेजारचे शब्द सगळे ‘अर’ घेत नाहीत. ‘सॅड’चं ‘सॅडर’ दोन डींनी, ‘मेरी’चं ‘मेरिअर’, पण ‘चीअरफुल’, ‘जॉयफुल’, ‘कंटेंट’, ‘प्लीझ्ड’, ‘एक्सायटेड’ यांना ‘मोअर’. ‘अनहॅपी’ तीन सिलॅबलचा, म्हणजे उच्चाराच्या तीन तुकड्यांचा असल्यामुळे लांब शब्दांच्या नियमाने ‘मोअर’ वाटतो, तरी ‘अनहॅपिअर’ पूर्ण बरोबर आहे. तिथे ‘हॅपी’चाच हिशोब चालतो.

दुहेरी तुलना इंग्रजीला नवी नाही, हेही माहीत असावं. मध्ययुगात ‘मोअर’ची पद्धत वाढली तेव्हा दोन्ही खुणा एकत्र लावलेल्याही आढळत. शेक्सपिअरच्या ‘ज्युलियस सीझर’मध्ये ब्रूटसच्या वाराला अँटनी ‘मोस्ट अनकाइंडेस्ट’ म्हणतो. १७६२ मध्ये रॉबर्ट लोथ या धर्मगुरूने आपल्या व्याकरणात दुहेरी रूपं अयोग्य ठरवली. अठराव्या शतकातल्या अशा व्याकरणांनी तो दंडक पक्का केला. आपल्याकडे यजुर्वेदाच्या पहिल्याच मंत्रात ‘श्रेष्ठतमाय कर्मणे’ आहे, म्हणजे ‘इष्ठ’वर पुन्हा ‘सर्वांत’ याच अर्थाचा ‘तम’. तेव्हा ‘मोअर हॅपिअर’ म्हणणाऱ्या मुलाला बुद्धी कमी असं समजू नये. आजच्या प्रमाण इंग्रजीत मात्र ते चूक धरलं जातं, आणि गुण किंवा नोकरी त्यावर अडू शकते.

भाषांतरात अर्थ अडतो तेव्हा

‘हॅपिअर’ला सगळीकडे ‘अधिक आनंदी’ केलं की काही वाक्यं विचित्र होतात. ‘अ हॅपिअर चॉइस ऑफ वर्ड्स’ म्हणजे ‘अधिक आनंदी शब्द’ नव्हेत, ‘अधिक समर्पक शब्द’. याचं कारण शब्दाच्या जन्मात आहे. ‘हॅपी’ ‘हॅप’पासून आला. ‘हॅप’ म्हणजे दैव, योग, आणि तो इंग्रजीत आला नॉर्स ‘हाप्प’वरून, व्हायकिंगांच्या भाषेतून. ‘हॅपन’, ‘पर्हॅप्स’, ‘मिसहॅप’, ‘हॅपलेस’ हे त्याच घरातले: घडणं, कदाचित, अपघात, दुर्दैवी. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘हॅपी’ म्हणजे दैव अनुकूल असलेला. खूश हा अर्थ नंतर रुळला. ‘हॅपी कोइन्सिडन्स’ म्हणजे सुदैवी योगायोग, तो जुन्या अर्थातूनच. ‘योग जुळून आला’ म्हणताना आपल्याला जे अभिप्रेत असतं, त्याच्याजवळच ‘समर्पक’ हाही अर्थ येतो.

म्हणून आधी पाहावं, आनंद कुणाला होतोय. माणसाच्या आयुष्याबद्दल असेल तर ‘अधिक सुखी’, त्या घडीच्या मनःस्थितीबद्दल असेल तर ‘जास्त खूश’, सेवेबद्दल किंवा निकालाबद्दल ‘हॅपिअर विथ’ असेल तर ‘अधिक समाधानी’. ‘हॅपिअर’ माणसाला नव्हे, तर शब्दांना, निवडीला किंवा योगायोगाला लागलं असेल तर दैव आणि चपखलपणा या बाजूने अर्थ लावावा. ‘इन हॅपिअर टाइम्स’मध्ये ‘दॅन’ नाही, तुलना आजच्या दिवसांशी आहे, म्हणून ‘पूर्वीच्या बऱ्या दिवसांत’. ‘ऑन अ हॅपिअर नोट’ला ‘आता एक चांगली बातमी’ पुरतं. आणि ‘शी इज हॅपिअर दॅन लास्ट इयर’ यावरून ती आनंदात आहे असं धरू नका. गेलं वर्ष फार वाईट गेलं असेल तर ती आजही दुःखीच असू शकते, फक्त गेल्या वर्षाइतकी नाही. अशा वेळी ‘गेल्या वर्षीपेक्षा बरी आहे’ हे भाषांतर ‘अधिक आनंदी आहे’पेक्षा खरं ठरतं.